पट्टी क्रमांक सांगा

स्वप्निलच्या आईनं, धुरपताकाकूंनी, अपेक्षाला सांगितलं होतं. रुचूच्या बारशाच्या दिवशी, हॉलच्या मागे ताटं घासायच्या नळापाशी बाजूला घेऊन, मनगट घट्ट धरून सांगितलं होतं, "पोरी, आमचा स्वप्निल पयल्याच घंटीले फोन उचलते. झोपीत असला तरी उचलते. मले त्याचं भेव वाटते." अपेक्षा हसली होती. नव्या साडीचा काठ पोटाला टोचत होता, पदराआड छातीवर दुधाची ओल पसरत चाललेली कळत होती, आणि आत पाळण्यापाशी कोणीतरी तिच्या नावानं हाका मारत होतं. "काकू, त्याले सर्विस म्हणतात," ती म्हणाली होती, "त्याच्याच भरवशावर तं चालते कंपनी." काकूंनी मनगट सोडलं नव्हतं. "असंन बाप्पा. तुमी शिकलेले लोकं. पन मानूस कसा असते, घंटी वाजली का कंटायते, हातातलं खाली ठेवते, कोन हाय म्हनून पायते, मंग उचलते. याचं तसं नाई. जशी काई घंटी याच्या आंगातच वाजून राह्यली." मग सिंदीची गाडी निघून जाईल या घाईनं त्यांनी लोकरीचं टोपरं रुचूच्या उशाशी ठेवलं आणि त्या गेल्या. टोपरं मोठं झालं होतं. ते रुचूच्या डोक्याला नीट बसू लागलं तोवर काकू राहिल्या नाहीत.

हे सगळं अपेक्षाला आठवलं ते पिपरी मेघेच्या बाजारात, वांगी निवडताना. कडेवरची रुचू तिचं मंगळसूत्र तोंडात घालत होती. समोरची आनंदाबाई ओळखीची, केळझरकडची, स्वतःच्या वावरातली भाजी घेऊन बसणारी. ती अपेक्षाला पट्टीवाली मॅडम म्हणायची. त्या धंद्यातून मॅडम कधीच्या बाहेर पडल्या हे तिला सांगून झालं होतं, पण तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. काट्यात वांगी टाकता टाकता, वर दोन मिरच्या घालाव्यात इतक्या सहज तिनं विचारलं, "मॅडम, तुमचा थो पट्टीवाला भाऊ मेला का काय?"

"काऊन? असं काऊन म्हणता?"

"फोन वाजून वाजून बंद होते. मले वाटलं गेला बिचारा. आमच्या इथचा पोट्टा म्हने, नंबर बदलला असंन. मी म्हनलं नाई बाप्पा, नंबर बदलनारा मानूस नोहे थो. सांबार टाकू का?"

वांग्याच्या देठाचा बारीक काटा अपेक्षाच्या बोटात शिरला होता. तो तिथं आहे हे तिला कळत होतं, पण दिसत नव्हता. "टाका," ती म्हणाली. आनंदाबाईनं सांबाराची जुडी पिशवीत खोवली. सांबार. या एका शब्दासाठी कंपनी काढलेल्या तिघांनी, तिनं, स्वप्निलनं आणि भूपेंद्रनं, एक अख्खी दुपार भांडण केलं होतं. भूपेंद्र म्हणाला होता, सॉफ्टवेअरमध्ये कोथिंबीरच लिहू, उद्या आपल्याला पश्चिम महाराष्ट्रात जायचं आहे. स्वप्निल म्हणाला होता, उद्या जायचं आहे ना, मग उद्या बदलू, आज जो माणूस पट्टी वाचणार आहे तो सांबार पिकवते. अपेक्षानं सरळ सांबार टाइप केलं होतं. आर्वी नाक्याजवळ मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानावर, बाहेरून जिना असलेली ती खोली. खालून कॉइलला लावायच्या व्हार्निशचा वास यायचा आणि दुपारच्या उन्हात तो इतका दाट व्हायचा, की कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले ते तिघं त्या वासानं झिंगल्यासारखे हसत बसायचे. पुण्याला जायचं नाही, हैदराबादला जायचं नाही. वर्ध्यात बसून, वर्ध्यासाठी काहीतरी करायचं. तेव्हा हे वाक्य किती सरळ वाटायचं.

आणि वर्ध्यासाठी म्हणजे काय, तर पट्टी. शेतकरी उजाडायच्या आत भाजी घेऊन बाजारात येतो, हर्रास म्हणजे लिलाव होतो, बोली चढते, अडत्या माल विकून देतो आणि हमाली, तोलाई वगैरे कापून शेवटी एक कागद शेतकऱ्याच्या हातात ठेवतो. त्या कागदाला पट्टी म्हणतात. अपेक्षा मास्तरांची मुलगी, तिनं पट्टी पहिल्यांदा पाहिली ती याच धंद्यासाठी. पुढं लग्न होऊन सासऱ्यांच्या, वासुदेवरावांच्या घरात, भाजी पिकवणाऱ्यांच्या घरात आली तेव्हा ओट्यामागच्या तारेला ओवलेल्या पट्ट्यांचा जाडजूड झुबका तिनं पाहिला. वरच्या सगळ्या तिच्याच प्रोग्रॅममधून निघालेल्या. सासरच्या घरात पहिल्याच दिवशी आपल्या ओळखीचं कोणीतरी भेटावं तसं तिला झालं होतं. आधी मुनीम हातानं लिहायचा. कार्बन पुसट, अक्षर त्याचं त्यालाच लागायचं. यांच्या सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी हर्रासच ठेवलं होतं. बोली सुटली की मुनीमानं आकडे टाकायचे, आणि छोट्या प्रिंटरमधून गरम गरम पट्टी बाहेर यायची, वर क्रमांक, मध्ये मालाचं नाव, चुंगड्या म्हणजे पोती किती, वजन, भाव, आणि सगळ्यात खाली, अडचण आल्यास संपर्क, म्हणून स्वप्निलचा मोबाईल नंबर. कंपनीला वेगळा फोन नव्हताच. छापताना कोणालाच वाटलं नाही की आपलं गिऱ्हाईक अडत्या आहे, आणि पट्टी जाते शेतकऱ्याच्या खिशात. सॉफ्टवेअर विकत घेणारा एक आणि त्यातून निघालेला कागद घरी नेणारा दुसरा. त्यांच्या पुस्तकांत असं काही नव्हतं.

फोन यायला लागले. पहिला आला तेव्हा तिघंही टेबलाभोवती वाकून ऐकत होते. "हालो, पट्टीवाले काय? मी तुयजापूरवरून बोलून राह्यलो. माह्या टमाटरले भाव काऊन नाई भेटला?" भूपेंद्रनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. स्वप्निल गंभीर झाला. "पट्टी क्रमांक सांगा," तो म्हणाला. त्यानं क्रमांक टाकला, पट्टी काढली, त्या दिवशी किती माल आला, बोली कितीवर सुटली, सगळं त्या माणसाला समजावून सांगितलं. तो माणूस बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "असं हाय तं. कोनी सांगत नाई ना पन आमाले." फोन ठेवल्यावर स्वप्निलच्या चेहऱ्यावर जे होतं ते अपेक्षाला अजून नेमकं आठवतं. आनंद नव्हता. तहानलेल्या माणसाला दुसऱ्यानं पाणी प्यायलेलं पाहून वाटेल तसं काहीतरी होतं. मग ते रोजचं झालं. उद्या बाजार बंद आहे का, पट्टीत हमाली दोनदा धरली का, वांग्याला अळी लागली काय मारू, पोरीचा बारावीचा निकाल मोबाईलवर दिसत नाही जरा पाहून देता का. नमस्कार, हर्रास, पट्टी क्रमांक सांगा. पहिल्याच घंटीला.

यातल्या एकानंही त्यांना कधी काही दिलं नाही, आणि देण्याचं कारणही नव्हतं. पैसे द्यायचे ते अडत्यांनी. पहिले गिऱ्हाईक नत्थूजी, बाजारातले जुने अडते, मोठ्या मनाचे, यांना घरचे पोट्टे म्हणणारे. नत्थूजींनी कॉम्प्युटर घेतला, प्रिंटर घेतला, टेबल घेतलं, वर देवाचा फोटो लावला, आणि सॉफ्टवेअरच्या पैशाची वेळ आली तेव्हा पेनड्राइव्ह बोटात धरून विचारलं, "हे एवढ्यात मावते ना? मंग याचे पैसे कायचे? पेनड्राइव्हचे घ्या." सगळे हसले, नत्थूजीही हसले, आणि थोडं दिलं, पण ते एकदाच. दर वर्षी द्यायचं असतं हे बाजारात कोणालाच पटलं नाही. "एकदा बैल घेतला तं दरसाल त्याचे पैसे देतो का मी?" नत्थूजी म्हणाले. "बैलाले चारा लागते ना, नत्थूजी," स्वप्निल म्हणाला. "मंग चारा टाका ना तुमी, मी कुठं नाई म्हनलं." त्यांनी चहा पाजला. पुढच्या महिन्यात हर्रास त्यांच्या साळ्याच्या दुकानात चालू झालेलं दिसलं, त्याच पेनड्राइव्हवरून, आणि तिथल्याही पट्टीवर खाली स्वप्निलचा नंबर. हिवाळ्यात भाजीचा लोट असायचा तेव्हा सगळ्यांना सॉफ्टवेअर हवं असायचं. उन्हाळ्यात बाजार कोरडा पडला की हातानं लिहून भागायचं. सिंदीच्या जिनिंगवाल्यांकडे गेले, तिथं कापूस आहे, पैसा आहे म्हणून. तिथले लोक म्हणाले, आमच्या वजनकाट्यासोबतच सॉफ्टवेअर येते भाऊ, काटा घेतला का ते फुकट. काम शिकायला आलेली पोरं वर्षभरात तयार व्हायची आणि पुण्याला निघायची. स्वप्निल त्यांना स्टेशनवर पोचवायला जायचा. ज्या गावात माणूस शिकून तयार होतो त्या गावाला तो परवडत नाही, असं भूपेंद्र एकदा म्हणाला होता, आणि मग एक दिवस तोही गेला. रागानं नाही. जाताना खुर्चीवरचं प्लॅस्टिक कव्हर त्यानं नीट चढवून ठेवलं होतं.

मग बाहेरचं ॲप आलं. कुठल्या तरी मोठ्या शहरातलं, कोणाकोणाचा पैसा मागे असलेलं. त्या लोकांना वर्ध्यातून आत्ता काही नको होतं, म्हणून ते फुकट होतं. त्यात सांबार नव्हता, कोथिंबीर होती. नत्थूजींचा मुनीम म्हणाला, काय फरक पडते. नत्थूजींनी यांना बोलावलं, शेव-चिवडा मागवला, आणि खरंच वाईट वाटून म्हणाले, "हे पाहा, थे फुकट हाय अन् फोनातच चालते. तुमीबी फुकट देत असान तं तुमचंच ठेवतो. घरचे पोट्टे तुमी." परत येताना स्वप्निल गाडी चालवत होता, अपेक्षा मागे बसली होती, तिला चौथा महिना होता आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा ती आधी पोटानं पाहत होती. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा स्वप्निलचा फोन वाजला आणि त्यानं तो पहिल्याच घंटीला उचलला.

रुचू झाली, आणि अपेक्षा घरी राहिली. तिला कोणी काढलं नाही, तिनं काही सोडलं नाही. एक दिवस ती तिथं नव्हती एवढंच झालं. आता ती पिपरी मेघेच्या दोन खोल्यांतून, खिडकीशी टेबल लावून, बंगळूरच्या एका कंपनीसाठी काम करते. ती कंपनी दुसऱ्या कोणासाठी करते, आणि शेवटी कुठल्याशा थंड देशातल्या दातांच्या दवाखान्यांत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, पेशंटला वेळ द्यायची ती खिडकी उघडते, जी अपेक्षानं रुचू झोपलेली असताना लिहिलेली असते. त्या पेशंटांची नावं तिला खरी वाटत नाहीत. त्यांतला एकही तिला फोन करत नाही. पैसे मात्र वेळेवर येतात, आणि कोणी पेनड्राइव्ह बोटात धरून हसत नाही. वर्ध्यात बसून काम करायचं हे तर जमलं. वर्ध्यासाठी, हा शब्द तेवढा वाक्यातून गळून गेला, आणि वाक्य तरीही पुरं वाटतं.

बाजारातून घरी आल्यावर तिनं फोन लावला. रुचूनं पिशवीतलं वांगं काढून फरशीवर घरंगळत सोडलं होतं. फोन वाजत राहिला. तो वाजतो कसा हेच तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या नंबरची दुसरी घंटी तिनं कधी ऐकली नव्हती. आवाज लांबून, रिकाम्या खोलीतून आल्यासारखा होता, आणि बंद झाला तेव्हा बाई सांगू लागली की आपण ज्यांना फोन केला ते उत्तर देत नाहीत. अपेक्षानं तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. ही तिची जुनी खोड. गॅस बंद केला का हे ती पुन्हा पुन्हा पाहते, झोपलेल्या रुचूच्या नाकापाशी बोट धरते, नवऱ्याला, रजतला, बँकेत पोचायला उशीर झाला की रस्त्यावरचे सगळे ट्रक तिच्या डोळ्यांपुढून जातात. रजत तिला चिडवतो, तुझ्या जिवाला पहारेकऱ्याचा पगार द्यायला पाहिजे म्हणतो. म्हणून खरंच काही व्हायची वेळ आली, तर तिच्या घाबरण्याला कोणी मोजणार नाही, हेही तिला ठाऊक आहे. रजत फोनवर म्हणाला, "अगं मोठा माणूस आहे तो. नसेल उचलायचा. कंपनी बंद पडली, आता कशाला उचलेल?" हे खरंच होतं. पण कंपनी बंद पडल्यावरच तर फोन वाढले होते. बाहेरच्या ॲपचा जम बसला, इथं त्याच्याशिवाय दुसरं काही उरलं नाही, तेव्हा ते फुकट राहिलं नाही, आणि त्याच्या मदतीच्या नंबरवर एक गोड आवाज हिंदीत एक दाबा, दोन दाबा म्हणत राहू लागला. मग लोकांनी तारेला ओवलेल्या जुन्या पट्ट्या काढल्या. खाली नंबर होताच. नमस्कार, हर्रास. ज्या कंपनीला कोणी गिऱ्हाईक नव्हतं तिचा फोन दिवसभर वाजत होता, आणि तो माणूस एकटा बसून उत्तरं देत होता, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांची. जगण्यासाठी तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट करून द्यायचा. इथं तेवढंच विकतं. त्याचे प्रोजेक्ट दाखवून पोरं पुण्याला नोकरीला लागायची.

तिनं रुचूला स्कूटीवर पुढं उभं केलं, टोपरं घातलं, आणि आर्वी नाक्यावर गेली. खालच्या दुकानात मोटार उघडी पडली होती, तांब्याची तार बाहेर लोंबत होती, तोच वास. जिना चढताना तिच्या मनात एक घाणेरडी मोजणी सुरू झाली, आतून आवाज आला तर असं, नाही आला तर तसं, रुचूचे डोळे झाकायला एक हात मोकळा हवा. वरचं शटर अर्धं खाली होतं. आत दिवा लागलेला होता.

स्वप्निल टेबलाशी बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर फोन होता, आणि वाजत होता. स्वप्निल त्याच्याकडे पाहत होता, जसं एखादं लहान मूल रडताना आपण, आता रडून दमेल, म्हणून पाहत बसतो. फोन थांबला तेव्हा तो उठला. "अरे, ये ना. ही रुचू का? मोठी झाली बे हे." त्यानं ड्रॉवरमधून बिस्किटाचा पुडा काढला, रुचूच्या हातात दिला. "पाणी देऊ?"

"फोन उचलत नाई म्हणे तू."

"हो ना." तो हसला. "मले माहीत नव्हतं. उचलला नाई तं आपोआप बंद होते."

"जेवला का?"

"हो हो." इतक्या पटकन, जणू प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर तयार होतं. दोन खुर्च्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं होती, तिची आणि भूपेंद्रची. तिनं आपल्यावरचं कव्हर काढायला हात नेला आणि काढलं नाही, तशीच बसली. प्लॅस्टिक करकरलं. जुना कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर हर्रासची पहिली खिडकी, वर रिकामा चौकोन, पट्टी क्रमांक. त्यात कर्सरची काठी लुकलुकत होती. ती खिडकी तिनं केलेली होती. तिचा तो हिरवा रंग. आता तिला तो रंग फार बालिश वाटला आणि डोळे भरून आले, म्हणून ती रुचूचं टोपरं नीट करत बसली. स्वप्निलनं टोपऱ्याकडे पाहिलं.

"आईचं ना हे," तो म्हणाला. मग कोणा दुसऱ्याची गंमत सांगावी तसं सांगू लागला. "आई फोन करे ना, तं मी तिलेबी म्हणो, नमस्कार, हर्रास, पट्टी क्रमांक सांगा. सवय पडलती. ती म्हणे, अवो साहेब, मी धुरपता बोलतो. मी हसो, दोन शब्द बोलो अन् ठेवो, मांगून दुसरा कॉल राहे. मंग तिनं काय केलं मालूम? एक दिवस नंबरच सांगतला. भाजीसंगं कोणाची तरी पट्टी तिच्या पिशवीत आलती, त्याच्यावरचा. मी टाकला. म्हणलं, वांगे, दोन चुंगड्या, बरोबर आहे पट्टी. ती म्हणे, बरोबर कशी? नीट पाय. मी नीट पाह्यलं. तवर ती इचारे, जेवला का. आंग धुतलं का. शर्ट कोन्ता घातला. मी सांगून टाको. ध्यान इकडे राहे ना, पडद्यावर, तं सांगनं होऊन जाये."

"तुला कळत नव्हतं त्याच आहेत?"

"आईचा आवाज नाई वयखू येत का? रोज एकच नंबर सांगे." त्यानं मान वळवून पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. "तिले वाटे मले मालूम नाई. मी म्हणलं, राहू दे."

फोन पुन्हा वाजला. टॉवेलवर असल्यामुळं तो थरथरत नव्हता, फक्त वाजत आणि उजळत होता. रुचू म्हणाली, "हालो." दोघंही हसले नाहीत. "आता सगळे फोन खरेच असतात," स्वप्निल म्हणाला. "प्रत्येकाचं खरंच काहीतरी चुकलेलं असते. भाव मी थोडी ठरवतो, अपेक्षा. मी नुसता सांगतो काऊन नाई भेटला. किती वर्षं सांगून राह्यलो. काऊन नाई भेटला हेच." आवाज शांत होता, गिऱ्हाइकाशी बोलायचा होता. घंटी आंगातच वाजून राह्यली, काकू म्हणाल्या होत्या. आता ती त्याच्या अंगातून निघून गेली होती, आणि तिच्या जागी काय आलं होतं ते दिसत नव्हतं. शांत माणूस, इस्त्रीचा शर्ट, कोणासाठीच नाही असा. फोन बंद झाला. खाली कोणीतरी मोटार सुरू करून पाहत होतं, ती घरघरली आणि बसली.

तिला जे सुचलं ते तिनं केलं. आवाज हलका ठेवून ती म्हणाली, "स्वप्निल, एक पट्टी पाहून देशील का रे? माझी एक पट्टी चुकली वाटते." आणि घरी मामाजींच्या, सासऱ्यांच्या तारेवर पाहिलेला, खरा की खोटा, एक क्रमांक तिनं सांगितला. त्याचा हात कीबोर्डकडे निघालाही. बोटं चौकोनापर्यंत पोचली. मग तो थांबला, तिच्याकडे वळला, आणि इतकं गोड हसला की तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तू काय विकलं, अपेक्षा?"

रुचूनं बिस्किट फरशीवर टाकलं, ते उचलायला तो वाकला, ते त्यानं केराच्या डब्यात टाकलं, हात पुसले. ती उठली. जिन्यातून उतरताना मागे फोन वाजायला लागला आणि ती पायरीवर थांबली, अजून उचलेल, अजून उचलेल. आवाज आपोआप बंद झाला.

त्यानंतर ती जाते. डबा नेते. डबा तो दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून परत देतो, इतका लख्ख की त्यात कधी काही होतं की नव्हतं ते कळू नये. आभार मानतो. सिंदीला मनोहररावांना, त्याच्या वडलांना, तिनं फोन केला. ते म्हणाले, "धंदा बसला का मानूस चूप होते बाई. येईन थो होळीले घरी." वासुदेवरावांना तिनं विनवलं, मामाजी, तुम्ही एकदा खरी पट्टी घेऊन जा ना त्याच्याकडे. ते म्हणाले, "जातो ना. थोडा हरभरा होऊ दे." रजत तिच्या केसांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, तू झोप. ती झोपत नाही. दुपारी रुचूच्या नाकापाशी बोट धरून बसते, ऊबदार श्वास बोटाला लागतो, आणि तरीही ते बोट तिला दुसऱ्या कोणाच्या तरी नाकापाशी धरायचं असतं. पडद्यावरच्या खिडकीत थंड देशातल्या पेशंटांच्या वेळा उघड्या पडलेल्या असतात. अशाच एका दुपारी तिनं, जिचं किंवा ज्याचं तोंड तिला दिसत नाही अशा कोणाशी तरी, मनातल्या मनात बोलायला सुरुवात केली. तुमच्याशी.

तुम्ही वर्ध्याकडचे असाल, किंवा कधी या बाजूनं जाणं होणार असेल, तर आर्वी नाक्याजवळ उतरा. मोटारपंपाच्या दुकानावर बाहेरून जिना आहे, व्हार्निशचा वास येतो, चुकणार नाही. शटर अर्धं असेल, वाकून आत जा. तुम्ही मला ओळखता असं सांगू नका. कसे आहात असंही विचारू नका, त्याला तो चांगलं म्हणतो. पट्टी चुकली म्हणा. भाजीच्या पिशवीत, जुन्या कपाटात, कुठं एखादी सापडली तर न्या, नाहीच सापडली तर कोणताही क्रमांक सांगा. तो चौकोनात टाकेल आणि म्हणेल, बरोबर आहे. तुम्ही म्हणा, बरोबर कशी, नीट पाहा. तो नीट पाहील. तेव्हा, त्याचं लक्ष पडद्यावर असताना, सहज विचारल्यासारखं विचारा, जेवला का. आणि काय म्हणाला ते मला कळवा.